बुडत्या खानावळी आणि त्यांचे तारणहार
लेखमाला : पडद्यावरील पाकशाळा — लेखांक ५

गेल्या लेखांकात पाककौशल्याच्या स्पर्धांचा परामर्श घेताना आपण असे पाहिले की, घरच्या स्वयंपाकात रमणारा एखादा हौशी मनुष्य परीक्षकांच्या पसंतीस उतरत उतरत व्यवसायाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो. आज ज्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे तो त्या उंबरठ्याच्या आतला आहे. येथे व्यवसाय केव्हाच थाटलेला असतो, घर तारण पडलेले असते, नोकरांचे पगार थकलेले असतात, आणि गल्ल्यावर बसलेला मालक चहूबाजूंनी कोंडला गेल्यामुळे गिऱ्हाइकावर, आचाऱ्यावर आणि अखेर स्वतःच्या बायकामुलांवरही खेकसू लागलेला असतो. अशा घटकेला एक नामांकित पाकतज्ज्ञ कॅमेऱ्यांचा लवाजमा घेऊन दारात उभा राहतो आणि आठवडाभरात हा बुडता व्यवसाय तारून दाखवण्याचा विडा उचलतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील जे तरुण हॉटेलचा धंदा करू पाहतात, ते हे कार्यक्रम आता मोबाईलवर आवडीने पाहतात. आणि पाहणारा जेथे शिकण्याच्या इच्छेने पाहतो, तेथे त्याला काय शिकवले जाते व काय शिकवावयाचे राहून जाते, याची विचारपूस करणे अगत्याचे ठरते.

या प्रकाराचे मूळ पाकशाळेत नाही, कारखान्यात आहे. १९९० साली बीबीसीने ‘ट्रबलशूटर’ नावाची मालिका दाखवली. तीत आयसीआय या बलाढ्य रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वे-जोन्स अडचणीतल्या उद्योगांना भेटी देत, कामाची पाहणी करीत आणि आपला अभिप्राय मालकांना तोंडावर ऐकवीत. धंद्याची चिकित्सा हाही प्रेक्षकांना गुंतवून ठेवणारा विषय होऊ शकतो, हे त्या मालिकेने सिद्ध केले. पुढे २००४ साली चॅनेल फोर या ब्रिटिश वाहिनीने हीच कल्पना उपाहारगृहांस लावली आणि ‘रॅम्सेज किचन नाइटमेअर्स’ सुरू झाली. तिचा नायक गॉर्डन रॅम्से हा तरुणपणी फुटबॉलपटू होऊ पाहणारा, दुखापतीमुळे त्या वाटेवरून परतलेला, आणि २००१ साली लंडनमधील आपल्या उपाहारगृहासाठी मिशेलिनचे तीन तारे मिळवणारा स्कॉटलंडचा बल्लव. २००७ साली फॉक्स वाहिनीने तिची अमेरिकन आवृत्ती काढली. २०११ साली दोन दिवसांची मुदत आणि दहा हजार डॉलरचा खर्च अशी मर्यादा घालून घेणारी रॉबर्ट अर्व्हाइन यांची ‘रेस्टॉरंट इम्पॉसिबल’ आली आणि त्याच वर्षी मद्यगृहांसाठी जॉन टॅफर यांची ‘बार रेस्क्यू’. नावे निराळी, परंतु घडण एकच.

ती घडण अशी. तज्ज्ञ प्रथम गिऱ्हाईक म्हणून जेवतो आणि ताटे परत पाठवतो. नंतर शीतपेटी उघडून नासलेले मांस आणि बुरशी धरलेली भाजी बाहेर काढतो. मग ऐन गर्दीच्या वेळी मुदपाकखान्यात उभा राहून कोणाचा कोणावर हुकूम चालतो आणि कोणाचा चालत नाही हे पाहतो. त्यानंतर मालकाशी त्याचा खडाजंगीचा प्रसंग होतो, ज्यात अश्रू, शिव्या आणि कबुलीजबाब या तिन्हींची योजना असते. आणि शेवटी रातोरात भिंतींना रंग दिला जातो, पदार्थांची लांबलचक यादी छाटली जाते आणि नव्या थाटात उद्घाटन होते. यातल्या पायऱ्यांपैकी माझ्या मते खऱ्या मोलाची पायरी एकच, ती म्हणजे यादी छाटण्याची. आणि नेमकी तीच पडद्यावर सर्वांत घाईने उरकली जाते.

तिचे मोल समजण्यासाठी एक प्रसंग पाहू. अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच वर्षी रॅम्से न्यूयॉर्कमधल्या ‘डिलन्स’ या उपाहारगृहात गेला. तेथे अमेरिकन, आयरिश आणि भारतीय अशा तिन्ही तऱ्हांचे पदार्थ एकाच छपराखाली मिळत. त्याने विकास खन्ना या भारतीय पाकतज्ज्ञास साहाय्यास बोलावले, बाकीचे सर्व पदार्थ काढून केवळ भारतीय भोजन ठेवले आणि उपाहारगृहाचे नाव ‘पूर्णिमा’ असे केले. हेच विकास खन्ना पुढे ‘मास्टरशेफ इंडिया’मुळे आपल्याकडे घरोघरी परिचित झाले. आता पुणे-बंगळूर रस्त्यावरील आपल्याकडची पाटी आठवून पाहावी : साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज, व्हेज-नॉनव्हेज. प्रत्येक नव्या पदार्थासाठी निराळा कच्चा माल घ्यावा लागतो, तो राखण्यास जागा आणि वीज लागते, आणि ज्या दिवशी त्या पदार्थाची मागणी येत नाही त्या दिवशी तो माल मालकाच्या खिशातून नासतो. लांब यादीने गिऱ्हाइकाला वैभवाचा भास होतो, मालकाच्या पदरी मात्र नासाडी पडते; आणि नासाडी टाळावी म्हणून काल उरलेला रस्सा आज पुन्हा चुलीवर चढला की चव जाते, चव गेली की गिऱ्हाईक जाते.

या रोगावरचे औषध लंडनहून आणावयाची आपल्याला गरज नाही, कारण ते आपल्या सीमाभागात पूर्वापार नांदत आले आहे. बेळगाव-हुबळीकडील लिंगायत खानावळीत यादी नसते. जोंधळ्याची भाकरी, भरल्या वांग्याची एण्णगाई, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, शेवटी भात आणि सार, असे ठरलेले ताट पुढे येते, आणि जो बसला तो तेच जेवून तृप्त होऊन उठतो. किती माणसे येतील याचा अदमास एकदा लागला की धान्य किती भिजवावे, पीठ किती मळावे, हे आचाऱ्यास न सांगता कळते. निराळ्या रुचीच्या सावजी खानावळींचे बळही मोजक्या पदार्थांतच आहे. सुज्ञ पूर्वजांनी ही पद्धत केवळ साधेपणाच्या आवडीने घातली असे मानणे अपुरे ठरेल. तीत मालाची उलाढाल, नोकरांचे श्रम आणि गिऱ्हाइकाचा विश्वास या तिन्हींचा पक्का हिशेब आहे.

आणि हिशेबाचीच गोष्ट पडद्यावर सर्वांत कमी दिसते. समजा, एका खानावळीत ताटाची किंमत १०० रुपये आहे. त्यांपैकी धान्य, भाजी, तेल, मसाला यांत ३८ रुपये जातात, नोकरांच्या पगारात २२, जागेच्या भाड्यात १५, गॅस व विजेत ९, आणि भांडी, दुरुस्ती, साफसफाई अशा किरकोळीत ५. मालकाच्या हाती राहतात ११ रुपये. आता तेल आणि गॅस महागले व ताटामागे ६ रुपये जास्त गेले, की मालकाची मिळकत निम्म्याहूनही कमी होते. किंमत वाढवली तर शेजारच्या खानावळीत गिऱ्हाईक जाईल, ही धास्ती. म्हणून तो वरण पातळ करतो, आचाऱ्याचा पगार पुढच्या महिन्यावर ढकलतो, वाण्याची उधारी वाढवतो आणि भिशीचा हप्ता भरण्यासाठी सावकाराकडे जातो. ज्याची रोजकीर्द लिहिलेली नाही त्याला हे सहा रुपये कोठे गेले हे कधीच उमगत नाही. गल्ल्यात पैसे येताना दिसतात आणि महिनाअखेर हात रिकामे राहतात. मग त्यास वाटू लागते की नोकर चोरतात, गिऱ्हाइके कृतघ्न आहेत, घरचे लोक मदत करीत नाहीत. कार्यक्रमाचा कॅमेरा येतो तो या टप्प्यावर, आणि त्यास जो दिसतो तो मालकाचा संताप.

मला आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच की, असा मालक बहुधा दुष्ट नसतो, तो घाबरलेला कर्जदार असतो. आपल्या भागात या धंद्यात उतरणारी माणसे कोण, याचा विचार करावा : सैन्यातून निवृत्त होऊन हाती आलेली पुंजी हॉटेलात घालणारा जवान, वडिलार्जित खानावळ चालवताना भावाभावांच्या वाटण्यांत सापडलेला थोरला मुलगा, हाताला चव आहे एवढ्या एका आधारावर मेस काढणारी विधवा. यांपैकी कोणासही ताळेबंद कसा वाचावा हे कोणी शिकवलेले नसते. शिवाय कित्येकदा अपयशाचे कारण मालकाच्या आवाक्याबाहेरचे असते. निपाणी हे पुणे-बंगळूर रस्त्यावर वाढलेले गाव. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले तेव्हा त्यांनी ठाण मांडले ते याच रस्त्यावर, कारण या गावाची नाडी कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते. पुढे सुवर्ण चतुष्कोण योजनेत हा रस्ता चौपदरी झाला आणि दूरची वाहने गावांच्या अंगावरून निघून जाऊ लागली. बेळगावात ज्याला आजही जुना पी. बी. रोड म्हणतात त्यावरून पूर्वी जाणारा प्रवासी आता शहरात न शिरताच पुढे जातो. ज्याचे हॉटेल जुन्या वाटेवर राहिले त्याने कितीही गोड बोलावे आणि कितीही चांगले रांधावे, तरी गेलेला रस्ता त्याच्या दारी परत येत नाही. अशा माणसाला कॅमेऱ्यापुढे खडसावून त्याचा स्वभाव सुधारल्याचा देखावा करणे म्हणजे ज्वराचे निदान न करता रोग्याच्या कपाळावर गंध लावण्यासारखे आहे.

अनुभवही याच निष्कर्षाची साक्ष देतो. अमेरिकन मालिकेत तारलेल्या उपाहारगृहांपैकी बहुसंख्य पुढे बंद पडली. ‘पूर्णिमा’ही टिकली नाही. २०१३ साली ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल गावी ‘एमीज बेकिंग कंपनी’च्या मालक दांपत्यापुढे रॅम्सेने हात टेकले आणि तो काम अर्धवट सोडून निघून गेला, तो भाग अमाप गाजला, आणि उपदेशापेक्षा भांडण अधिक पाहिले जाते हे त्यातून स्पष्ट झाले. तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सर्वच बनाव असतो असा सरसकट आरोप टिकणारा नाही. ब्रिटिश मालिकेचा पहिला भाग बनावट असल्याचे एका लंडनच्या दैनिकाने छापले, तेव्हा रॅम्सेने फिर्याद केली आणि २००६ साली त्या वृत्तपत्रसंस्थेस ७५,००० पौंडांची भरपाई द्यावी लागली. दोष लबाडीचा नाही. दोष आहे तो मुदतीचा आणि दृष्टीचा. अनेक वर्षांचे कर्ज आठवड्यात फिटत नाही, आणि कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, खतावणी दिसत नाही.

मग बुडती खानावळ तरते तरी कशी? याचे उत्तर देणारा मराठी मुलखातील दाखला पडद्यावरील कोणत्याही भागापेक्षा अधिक उद्बोधक आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून चुलीपाशी राबत. परंतु पैसे मिळत ते महिन्याच्या शेवटी, आणि धान्य मात्र रोज लागे, म्हणून वाणी आणि सावकार यांच्या व्याजात त्यांची सारी मिळकत विरून जाई. गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना गटागटांनी एकत्र आणले, एकीला दुसरीचा जामीन केले आणि १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांची दारे त्यांना उघडून दिली. त्या बायकांच्या भाकरीत काही उणे नव्हते. उणे होते ते रास्त व्याजाचे भांडवल आणि पाठीशी उभी राहणारी संघटना. तेथे कोणी कोणास रडवले नाही, कोणाच्या भिंती रंगवल्या नाहीत; कर्जाचा स्वभाव बदलला, तेव्हा खानावळींचे दैव बदलले.

आज भांडवलाची वाट पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या व्यावसायिकास तारणाशिवाय कर्ज मिळण्याची तजवीज आहे, आणि गावोगावी पतसंस्थाही आहेत. उणीव आहे ती मसलतीची. परवान्याचे कागद, पाच टक्के वस्तू व सेवा कराचा भरणा, ताटाच्या किमतीची बांधणी, उधारीची वसुली, या बाबतीत विश्वासाने विचारावे असा माणूस खानावळवाल्यास भेटत नाही. बेळगावात गोगटे वाणिज्य महाविद्यालय आहे. निपाणीला अगदी खेटून, राज्याची हद्द ओलांडताच, अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एखादा महिना गावातल्या एकेका खानावळीची रोजकीर्द लिहून द्यावी, प्राध्यापकांनी ती तपासावी, हॉटेलमालकांच्या संघटनेने त्यातून निघालेल्या गोष्टी आपल्या बैठकीत मांडाव्यात, आणि ज्येष्ठ आचाऱ्यांनी यादी छाटण्याच्या कामी साहाय्य करावे, एवढी व्यवस्था झाली तरी कित्येक घरे वाचतील. भाषेचा आणि हद्दीचा वाद आपल्या भागात साठ वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. परंतु एण्णगाईच्या ताटावर कानडी आणि मराठी माणूस शेजारी बसून जेवतो, आणि त्या ताटाचा जमाखर्च दोन्ही भाषांत सारखाच लिहावा लागतो.

म्हणून हे कार्यक्रम पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. ते अवश्य पाहावेत. मात्र मालकाचा आरडाओरडा चालला असता त्याच्या शीतपेटीकडे, पदार्थांच्या यादीकडे आणि न दाखवलेल्या वहीकडे लक्ष ठेवावे. जो तरुण या वर्षी हॉटेल काढणार आहे, त्याने फर्निचर ठरवण्याआधी एका ताटाचा खर्च कागदावर मांडावा, आणि पहिल्या दिवसापासून रोजकीर्द स्वतःच्या हाताने लिहावी. ज्याला आपली तूट महिन्याच्या आत कळते, त्याला ती भरून काढण्यास अवधी मिळतो, आणि अवधी असलेल्या माणसास गिऱ्हाइकावर खेकसण्याचे कारण उरत नाही.

पुढील लेखांकात : प्रवासवर्णनाच्या मिषाने गावोगावचे पदार्थ दाखवणारे कार्यक्रम, आणि त्यांच्यामुळे त्या गावांच्या बाजारपेठांवर होणारे परिणाम.