पाणी न मागणारी झाडे : वस्तीवरच्या मुरमाड कोपऱ्यासाठी



ऊसवाल्याचा हात पाण्याला सैल. पाळी आली की दारे धरायचे, सरी तुडुंब भरायची, ही आपली सवय. पण प्रत्येकाच्या वस्तीवर एखादा कोपरा असा असतोच, की तिथे पाट पोचत नाही, दिवसभर ऊन असते आणि खाली नुसता मुरूम. तिथे गुलाब लावला तर उन्हाळ्यात जातो. अशा जागेला कोरफड, घायपात, निवडुंग, पानफुटी हीच झाडे शोभतात.

यांची रीत उसाच्या उलटी आहे. ऊस दिवसा पानांची छिद्रे उघडतो, त्यातून पाणी उडून जाते. कोरफड आणि निवडुंग रात्रीच्या गारव्यात छिद्रे उघडतात व दिवसा मिटून घेतात. पावसात मिळालेले पाणी पानात, खोडात साठवून ठेवतात.

कोरफड : जुन्या झाडाच्या बुडाशी आलेली पिल्ले जून-जुलैत वेगळी करावीत. तुटलेली जागा सुकण्यासाठी दोन-चार दिवस सावलीत ठेवावीत, मग दीड-दोन फुटांवर लावावीत. जमीन काळी असेल तर लक्षात ठेवा : ऊस सरीत, कोरफड वरंब्यावर! मातीत निम्मी जाड वाळू किंवा मुरूम मिसळावा. शेणखत थोडेच पुरे. पावसाळ्यात पाणी नको, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा बस्स. कडक उन्हात पाने तांबूस होतात, त्याने झाड मरत नाही. बुडखा मऊ पडून काळा झाला, तर पाणी जास्त झाले असे समजा. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब करतो. गरोदर बायांनी पोटात घेऊ नये.

घायपात : हे मूळचे मेक्सिकोकडचे. माळाच्या बांधावर ओळीने लावले तर माती धरून ठेवते, गुरेही आत येत नाहीत. पानांच्या वाखाचे दोर होतात. अनेक वर्षांनी उंच दांडा येऊन फुलते आणि मग ते झाड संपते, पण भोवती पिल्ले सोडून जाते. पानाचे टोक सुईसारखे असते, म्हणून अंगणात पोरे खेळतात तिथे लावू नये. कुंपणाच्या शेराचा चीकही डोळ्याला फार वाईट, तोडताना जपावे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. कोरफडीत पैसा आहे असे सांगणारे गावोगाव येतात. त्यांच्या नादाने उभा ऊस मोडू नका. तुटलेला ऊस जसा वेळेत गाळावा लागतो, तशीच तोडलेली कोरफडीची पाने लवकर प्रक्रियेला जावी लागतात. जवळ कारखाना नाही, खरेदीचा लेखी करार नाही, तर माल बांधावरच कुजायचा. कोपऱ्यात दहा-वीस झाडे लावायला मात्र खर्च नाही. शेजाऱ्याकडून चार पिल्ले आणा आणि लावून बघा. एवढेच करा, की पाण्याचा हात आखडता ठेवा.