मिळकतीत पैसा गुंतवणाऱ्यास दलालीचा परवाना हवा काय?

स्थावर मिळकतीत पैसा गुंतवणाऱ्या पुष्कळांचा असा ग्रह झालेला दिसतो की, २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमातील नोंदणीच्या तरतुदी १ मे २०१७ पासून अमलात आल्यावर, स्वतःच्या नावावरील सदनिका विकण्यासही महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, दलाल म्हणून नोंदणी करणे भाग आहे. हा ग्रह निराधार आहे. अधिनियमाच्या दृष्टीने दलाल तोच, जो दुसऱ्याच्या वतीने व्यवहार जुळवून त्याबद्दल मोबदला घेतो. मात्र नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका आप्तेष्टांना मिळवून देऊन त्यावर दलाली घेणारा गुंतवणूकदार या व्याख्येत निश्चित येतो, आणि विनानोंदणी असे केल्यास त्यास दररोज १०,००० रुपये, कमाल त्या मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो.

परवाना हाती आला की गुप्त माहितीचे दफ्तर खुले होते, हीही भ्रांतीच. प्रकल्पाची मंजुरी, जमिनीवरील बोजे, बांधकामाची प्रगती ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक आणि सूची क्रमांक दोन यांचे उतारे मिळवण्यास दलाल असावे लागत नाही. ते बारकाईने वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि माझ्या मते गुंतवणूकदाराचा वेळ तेथेच सत्कारणी लागतो.

सर्वांत घातक समजूत अशी की, परवान्यामुळे स्वस्तातील मिळकत प्रथम आपल्या दृष्टीस पडेल व ती आपणच घेऊन टाकू. विकणाऱ्याने ज्याच्यावर विश्वास टाकून किंमत ठरवण्याचे काम सोपवले, त्यानेच खरी किंमत दडवून ती मिळकत पत्नीच्या किंवा भागीदाराच्या नावे घेणे, हा विश्वासघात आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २१५ अन्वये, अभिकर्त्याने (येथे दलालाने) मालकास सर्व महत्त्वाची हकीकत सांगून त्याची संमती घेतल्यावाचून स्वतःसाठी व्यवहार केला, आणि त्यात अप्रामाणिकपणे काही लपवले अथवा तो मालकास अहितकारक ठरला, तर मालकास तो नाकारता येतो. कलम २१६ अन्वये, मालकाच्या नकळत केलेल्या अशा व्यवहारातील लाभही मालकास मागता येतो. शिवाय मिळालेली दलाली भांडवली नफा न ठरता धंद्याचे उत्पन्न म्हणून करपात्र होते.

ज्यास दलाली हाच व्यवसाय करावयाचा आहे, त्याने महारेराने २०२३ पासून आवश्यक केलेले प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी, हिशेबाच्या वह्या चोख ठेवाव्यात आणि स्वतःसाठी खरेदी करताना ही गोष्ट विकणाऱ्यास लेखी कळवून त्याची संमती घ्यावी.