वाय-फाय आहे, पण नेट नाही?

मोबाइलवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, तरी सातबारा उघडत नाही. कारण वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तो मोबाइल ते राउटर एवढाच बिनतारी दुवा. पुढचा प्रवास केबलचा. पुढे भारतनेट नाव मिळालेली, २०११ मध्ये मंजूर झालेली योजना हीच फायबर केबल ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठी आहे.

केबलसोबत पत्ताही लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडताना आपण नाव टाइप करतो. डीएनएस ही यंत्रणा त्या नावाचा आकडी आयपी पत्ता शोधून देते. २०१४ पासून ‘.भारत’ने संपणारी देवनागरी नावेही मिळतात. गावांनी ती आवर्जून घ्यावीत.

नेट अडले, तर फायबरच्या डबीवर ‘लॉस’चा लाल दिवा पाहा. तो लागला असेल, तर बिघाड बहुधा केबलमध्ये आहे. मोबाइल बदलून उपयोग नाही.