निर्णय तिसऱ्या वर्षीच कशाला?

चांदूर रेल्वेच्या आसपास मूल तीन वर्षांचं झालं की घरात विषय निघतो, ‘कॉन्व्हेंटात टाकायचं का?’ बहुतेक घरांत उत्तरही तेव्हाच ठरून जातं. जिल्हा परिषदेची किंवा नगर परिषदेची शाळा सहसा पहिलीपासून, म्हणजे मूल सहा वर्षांचं झाल्यावर सुरू होते. त्याआधी अंगणवाडी असते, पण ती महिला व बालविकास खात्याची. मिशनच्या शाळेत केजी असते आणि जागा तिथेच भरतात; पुढे पहिलीत नवीन मुलांसाठी फारशी जागा उरत नाही. ज्या वयात सरकारी शाळेकडे आपल्याला दाखवण्यासारखं काहीच नसतं, त्याच वयात आपण तिला नाकारून बसतो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट.

वऱ्हाडात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, म्हणून आधी ती शाळा खरोखर मिशनची आहे का हे विचारून घ्यावं. कॅथलिक संस्थांचा या भागातला अनुभव जुना आहे. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची, आणि अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला तो १९५५ मध्ये. शिस्त, वेळेवर भरणारे वर्ग, सहसा न बदलणाऱ्या शिक्षिका यांमुळे पालकांचा या शाळांवर विश्वास बसला आणि तो वाजवी आहे. धर्माची भीती घालणारेही भेटतात. त्यांनी राज्यघटनेचं कलम २८ वाचावं: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही.

मात्र कायद्यातला एक फरक पालकांच्या खिशापर्यंत येतो. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, ही त्यातली तरतूद. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नसल्याचं सांगितलं. मिशनच्या शाळा अल्पसंख्याकांच्याच. त्यामुळे आरटीईच्या सोडतीतून मिशनच्या शाळेत नंबर लागेल या आशेवर ज्यांनी केजीचा प्रवेश थांबवून ठेवला, त्यांचं वर्ष हातचं जातं. फी आणि गाडीभाडं घरून जमत असेल तरच तो रस्ता धरायचा.

आता भाषेकडे येऊ, कारण खरं ओढतं ते इंग्रजीच. कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी माध्यम, हे समीकरण सगळीकडे खरं नाही. वसईत चर्चच्या मराठी शाळांत पिढ्या शिकल्या. गोव्यात १९९० मध्ये सरकारने प्राथमिक अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवलं, तेव्हा तिथल्या धर्मप्रांताने आपल्या प्राथमिक शाळा कोकणीत नेल्या. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळू लागल्यावर त्या इंग्रजीकडे परतल्या. माध्यम ठरवलं ते अनुदानाने आणि पालकांच्या ओढीने.

इंग्रजीच्या ओढीने खासगी शाळेत घातलेलं मूल जास्त शिकतं का? आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन या अभ्यासकांनी १८० गावांमध्ये हे तपासलं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गरीब मुलांची खासगी शाळांची फी भरली गेली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत होती, कारण खासगी शाळांनी हिंदीला जास्त वेळ दिला होता. त्या मिशनच्या शाळा नव्हेत, गावातल्या स्वस्त खासगी शाळा, हे मान्य. पण घरात वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत बेरीजही इंग्रजीतून शिकवायची तर घरी अभ्यास कोण घेणार? आईला शाळेची डायरी वाचता येत नसेल तर शिकवणी लावावी लागते, आणि तो खर्च फीच्या कागदावर कुठेच नसतो.

आता सार्वजनिक शाळेकडे पाहू. शिक्षणमहर्षी पंजाबराव देशमुखांचं शिक्षण पापळच्या गावशाळेत सुरू झालं, मग त्यांना चांदूर रेल्वेच्या शाळेत यावं लागलं. पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी शिक्षणासाठी कर वाढवला. आपल्या भागातली सार्वजनिक शाळा अशी लोकांच्या पैशावर उभी राहिली आहे. आजही तिच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शिक्षक कमी का, पोषण आहार कसा, हे तिथे विचारायचा हक्क आहे. मिशनच्या शाळेत पालकांना एवढा अधिकार नाही. गावातले बोलके पालक मुलं घेऊन निघून गेले की समिती कागदावरच उरते आणि पटसंख्येबरोबर शिक्षकांची पदंही घटतात.

म्हणून माझं मत असं. अंगणवाडीची वर्षं मुलाला घराजवळ काढू द्यावीत आणि पहिलीच्या आधी सरकारी शाळेत एक सकाळ जाऊन बसावं. चार वर्गांना किती शिक्षक आहेत ते मोजावं. तिसरीतल्या मुलाच्या हाती धडा द्यावा आणि तो वाचतो का ते ऐकावं. शिक्षक असतील आणि मूल वाचत असेल, तर चौथीपर्यंत तिथेच ठेवावं. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी सेमी इंग्रजीची सोय आहे का तेही पाहावं. चार वर्गांना एकच शिक्षक असेल आणि तोही निवडणूक, जनगणनेच्या कामात अडकत असेल, तर मुलाला खुशाल मिशनच्या शाळेत घालावं. गावची शाळा टिकवण्याचं ओझं सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर देऊ नये.

खेड्यातल्या पालकांनी आणखी एक हिशेब करावा. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली लागतात. तिसरीत मुलाला शहरातल्या शाळेत नेलं तर, घर गावात असलं तरी, या जागांवरचा त्याचा हक्क जातो.