जनरेटरचे अर्थिंग : सळई ठोकली म्हणजे काम संपले नाही

लग्नसराई असो की ईदची खरेदी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी वीज गेली की दुकानदार आणि कारीगर दोघांचेही नुकसान होते. म्हणून कापडाच्या दुकानात, शिलाईच्या कारखान्यात, बाजारातल्या स्टॉलवर छोटे जनरेटर दिसतात. त्यांच्या पेट्रोल-डिझेलचा हिशेब आपण व्यापारी चोख ठेवतो. अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष होते. जमिनीत सळई ठोकून तिला तार गुंडाळली की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

हकीकत अशी की करंट जमिनीत मुरायला धावत नाही. ज्या जनरेटरमधून तो निघतो, त्याच्याकडेच परत जाऊ पाहतो. शिलाई मशीनच्या बॉडीत फेज उतरला आणि परतीचा रस्ता तारेचा असला, तर करंट एकदम वाढतो व एमसीबी पडतो. पण जनरेटरचा न्यूट्रल एका सळईला आणि मशीनची बॉडी दुसऱ्या सळईला जोडलेली असेल तर? मधल्या मातीचा रेझिस्टन्स 20 ओहम धरा. 230 व्होल्टवर करंट वाहील फक्त साडेअकरा अँपियर. 16 अँपियरचा एमसीबी पडणार नाही आणि बॉडीत करंट तसाच राहील. हात लावणाऱ्या कारीगराला शॉक बसेल.

म्हणून पुढील खबरदारी घ्यावी.

1) प्रत्येक मशीनपासून जनरेटरच्या अर्थ टर्मिनलपर्यंत हिरवी तार अखंड असावी. स्टॉलवरही तीन पिनांचेच एक्स्टेन्शन वापरावे; तिसरी पिन कधीही तोडू नये.

2) अनेक छोट्या जनरेटरांत न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. अशा वेळी आरसीसीबी बसवूनही भरवसा राहत नाही. कंपनीचे माहितीपुस्तक पाहून परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडून घ्यावेत. दोन ठिकाणी जोडले तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

3) 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे.

4) कायमच्या जागी अर्थिंगचा खड्डा नीट करावा. भारतीय मानक आयएस 3043 प्रमाणे जीआय पाइप किमान अडीच मीटर लांब आणि आतून 38 मिलिमीटर रुंद असावा. कोळसा-मीठ भरावे, उन्हाळ्यात पाणी घालावे आणि अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी. जनरेटर थ्री-फेज असेल तर बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ द्यावेत.

5) दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून दुकानाच्या सॉकेटमधून वीज कधीही देऊ नये. ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन हजारो व्होल्टची होते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विचच बसवावा.

आमची व्यापारी बांधवांना एवढीच विनंती आहे. पुढचा सीझन सुरू होण्याआधी वायरमनला बोलावून तीन गोष्टी विचाराव्यात : हिरवी तार जनरेटरपर्यंत पोहोचते का, न्यूट्रल कुठे जोडला आहे, आणि आरसीसीबी खरोखर पडतो का? तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय जनरेटर सुरू करू नये.