फायनलचे टोमणे, चेन्नईच्या टाळ्या!

हॉकीच्या स्टँडमध्ये बसून ‘ओ रेफरी, डोळे उघडा!’ असं ओरडू नका. शेजारचे अण्णा मान वळवून बघतील आणि मनातल्या मनात तुमचं तिकीट रद्द करतील. माहीत आहे का? हॉकीत रेफरी नसतोच! असतात ते अंपायर, तेही दोन. अर्धं मैदान याचं, अर्धं त्याचं. म्हणजे शिव्यासुद्धा वाटून घालाव्या लागतात.

तर चला चेन्नईला! एग्मोर स्टेशनजवळचं मेयर राधाकृष्णन स्टेडियम. इथं हॉकीच्या इतक्या मोठ्या फायनल झाल्यात की प्रेक्षकांचे टोमणेसुद्धा इंटरनॅशनल दर्जाचे झालेत. तमिळ येत नाही? नो टेन्शन. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे दोन शब्द इथंही चालतात आणि आपल्याकडेही. एवढ्या भांडवलावर अख्खी मॅच निघते.

एका मिनिटात पारडं फिरलं

१२ ऑगस्ट २०२३. एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, भारत विरुद्ध मलेशिया. हाफटाइमला स्कोअर काय? मलेशिया ३, भारत १. स्टँडमध्ये सन्नाटा. याच मलेशियाला लीगमध्ये आपण ५-० असं धुतलं होतं. तेव्हा ‘फायनल म्हणजे फॉर्मॅलिटी’ म्हणणारे आता मुकाट्यानं सुंदल, म्हणजे तिकडची हरभऱ्याची उसळ, चघळत होते.

आणि मग आलं ४५वं मिनिट. हरमनप्रीत सिंगनं पेनल्टी स्ट्रोक आत घातला. लोक उठून नाचले, बसायला खाली वाकले, तोवर गुरजंत सिंगनं दुसरा ठोकला! मिनिट तेच, गोल दोन, स्कोअर ३-३. त्या मिनिटात जो कॉफी आणायला गेला होता, त्याला घरचे अजून चिडवत असणार. ५६व्या मिनिटाला आकाशदीप सिंगचा गोल आणि ४-३ नं ट्रॉफी भारताची. चौथ्यांदा!

तीनशेवा नंबर

माहीत आहे का? त्याच स्पर्धेत जपानविरुद्धची सेमीफायनल ही गोलकीपर पी. आर. श्रीजेशची ३००वी इंटरनॅशनल मॅच होती. पाहुण्यांनी गिफ्ट काय आणलं? काहीच नाही. भारत ५, जपान ०.

पायाखाली ऊस

सांगली-कोल्हापूरकरांनो, कॉलर ताठ करा! त्या स्पर्धेसाठी चेन्नईत जो टर्फ अंथरला, तोच प्रकार पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये वापरला गेला. या टर्फचा प्लास्टिक धागा बराचसा उसापासून बनतो. म्हणजे उसाच्या फडात फक्त तमाशाच रंगतो असं नाही, पेनल्टी कॉर्नरसुद्धा रंगतो. टर्फ चाटून बघू नका, गोड लागत नाही.

हत्ती गेला, बैल आला

२०२३ च्या स्पर्धेचा मॅस्कॉट होता ‘बोम्मन’ नावाचा हत्ती. ऑस्कर मिळवणाऱ्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटातल्या माहुताचं हे नाव. २०२५ च्या ज्युनियर वर्ल्ड कपला मॅस्कॉट आला ‘कांगेयन’, तमिळनाडूच्या नामांकित कांगेयम जातीचा बैल. आपल्या खिल्लाराचा दाक्षिणात्य चुलतभाऊच म्हणा. हॉकीत फॉरवर्डला काय लागतं? हत्तीची ताकद आणि बैलाची मुसंडी. बॉल मात्र दोघांनाही दिसत नाही.

११ मिनिटांची वसुली

त्या ज्युनियर वर्ल्ड कपची गंमत ऐका. चेन्नई आणि मदुराई अशा दोन शहरांत पहिल्यांदाच २४ टीम खेळल्या. सेमीफायनलमध्ये जर्मनीनं आपल्याला ५-१ असं झोपवलं. १० डिसेंबरला ब्राँझसाठी अर्जेंटिनाशी गाठ पडली, तर शेवटच्या क्वार्टरपर्यंत ०-२ नं मागे! घरी जाण्यासाठी काहींनी चपला शोधायला घेतल्या. तेवढ्यात पोरांनी उरलेल्या साधारण ११ मिनिटांत चार गोल मारले. ४-२, ब्राँझ खिशात.

आणि कोच कोण? तोच श्रीजेश! ज्या मैदानावर ३००वी मॅच खेळला, त्याच मैदानावर कोच म्हणून मेडल घेतलं. ट्रॉफी मात्र जर्मनीची. स्पेनशी १-१ आणि मग शूटआउटमध्ये ३-२.

आठ सेकंदांचं बीपी

शूटआउटचा नियम माहीत आहे का? २३ मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू निघतो, समोर एकटा गोलकीपर आणि हातात फक्त आठ सेकंद. मिसळीत तर्री ओतायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईतच सीनियर नॅशनलची फायनल झाली, पंजाब विरुद्ध हरियाणा. मॅच २-२ आणि शूटआउट किती? ९-८! जिंकला पंजाब. असा शूटआउट बघणाऱ्यांनी जाताना बीपीची गोळी घेऊन जावं.

५७ गोल आणि एक ‘चक दे’

हॉकीवरचा ‘चक दे! इंडिया’ रिलीज झाला १० ऑगस्ट २००७ ला. महिनासुद्धा उलटला नाही, तोवर ९ सप्टेंबरला चेन्नईत एशिया कपची फायनल. भारत ७, दक्षिण कोरिया २. अख्ख्या स्पर्धेत भारताचे गोल ५७. त्यातले २० एकट्या श्रीलंकेला, तेही एकाच मॅचमध्ये. स्कोअरबोर्डवाल्याला ओव्हरटाइम मिळाला की नाही, कळलं नाही.

माहीत आहे का? पडद्यावरचा कोच शाहरुख होता, पण चेन्नईतला खरा कोच होता आपल्या मुंबईचा, जोकिम कार्व्हालो. आणि पुढचा सीन पिक्चरमध्येही नव्हता. त्याच महिन्यात क्रिकेटवाल्यांनी टी-२० वर्ल्ड कप जिंकला, त्यांच्यावर बक्षिसांचा पाऊस पडला. तेव्हा हॉकीवाल्यांनी थेट उपोषणाचा इशारा दिला. आमच्या वाट्याला फक्त शिंतोडे का?

क्रिकेट क्लबची हॉकी

क्रिकेट विरुद्ध हॉकी या भांडणावर चेन्नईकडे भन्नाट उतारा आहे. शहरातली मानाची जुनी हॉकी स्पर्धा म्हणजे एमसीसी-मुरुगप्पा गोल्ड कप. यातलं एमसीसी म्हणजे काय? मद्रास क्रिकेट क्लब! १८४६ सालचा क्लब, नावात क्रिकेट, आयोजन हॉकीचं. आपल्याकडे ‘उपवासाची मिसळ’ असते ना, तसंच काहीसं.

देणं-घेणं बरोबर

पुणे आणि चेन्नईचा हिशोब मांडू या का? तमिळ घरातला धनराज पिल्ले जन्मला पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या कामगार वसाहतीत वाढला. मोडक्या स्टिक, टाकून दिलेले बॉल आणि धुळीचं मैदान. तिथून गडी निघाला तो थेट चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार एशियन गेम्स खेळूनच थांबला. चार चौकार, तेही हॉकीत!

१९९६ ची चॅम्पियन्स ट्रॉफी चेन्नईत झाली, त्या टीममध्येही तो होता. भारत चौथा आला, कप नेदरलँड्सनं पाकिस्तानला ३-२ नं हरवून नेला. पुढे प्रीमियर हॉकी लीग आली, तेव्हा हा तमिळ घरातला वाघ खेळला ‘मराठा वॉरियर्स’कडून. समोर एक टीम होती ‘चेन्नई वीरन्स’. वॉरियर्स काय, वीरन्स काय, अर्थ एकच. म्हणजे वीरांचा सामना वीरांशीच!

परतफेड? पुण्यानं चेन्नईला ऋतुराज गायकवाड दिला. आणि चेन्नईच्या सुपरस्टारचं, रजनीकांतचं, खरं नाव शिवाजीराव गायकवाड. एका शहरात दोन गायकवाड सुपरहिट. हिशोब चुकता, पावती नको.

कार्ड आहे की भूमितीचा पेपर?

आता जरा शिस्तीचं बोलू. माहीत आहे का? हॉकीतल्या कार्डांचे रंगच नाही, आकारही वेगळे असतात. हिरवं कार्ड त्रिकोणी, दोन मिनिटं बाहेर. पिवळं चौकोनी, निदान पाच मिनिटं बाहेर. लाल गोल, थेट घरी. लांबून रंग नाही कळला तरी आकार सांगतो की साहेब, तुमचं काय चुकलं. शाळेत भूमितीला झोपलेल्यांचं इथं अवघड आहे.

पाणी डोक्यावरून गेलं

खिलाडूवृत्ती म्हणजे काय, हे शिकायचं तर आधी काय करू नये ते बघा. १९७२, म्युनिक ऑलिम्पिक. फायनलमध्ये पश्चिम जर्मनीनं पाकिस्तानला १-० नं हरवलं. निकाल इतका झोंबला की इंटरनॅशनल हॉकी फेडरेशनच्या अध्यक्षांच्या अंगावर पाणी ओतलं गेलं आणि सिल्व्हर मेडलचाही अपमान झाला. शिक्षा? पाकिस्तानच्या ११ खेळाडूंवर आजन्म बंदी. पुढे ती कमी झाली. पण त्या फायनलचं नाव निघालं की आजही आधी गोल आठवत नाही, पाणी आठवतं.

जिंकल्यावरही तोल जातो बरं! २०१४, भुवनेश्वर, चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल. पाकिस्ताननं भारताला ४-३ नं हरवलं आणि काही खेळाडूंनी प्रेक्षकांकडे बघून अश्लील हावभाव केले. दोघांवर बंदी आली, फायनल हुकली. टीमही जर्मनीकडून ०-२ नं हरली. प्रेक्षकांचे टोमणे प्रेक्षकांना शोभतात, खेळाडूनं उत्तर स्टिकनं द्यायचं.

ट्रॉफी तुझी, मेडल माझं

आता गोड बातमी. २०१८, मस्कत. एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, भारत विरुद्ध पाकिस्तान. बाहेर पाऊस कोसळतोय, मॅच सुरूच होईना. निकाल? दोघंही विजेते! पण ट्रॉफी एकच, मग ती न्यायची कुणी? टॉस झाला. पहिल्या वर्षासाठी ट्रॉफी भारताला, तिथं तयार असलेली गोल्ड मेडल पाकिस्तानला. दोन भावांच्या वाटणीत देव्हारा एकाकडे आणि समई दुसऱ्याकडे जावी, तसं.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये? क्रिकेटच्या एशिया कपमध्ये भारत-पाकिस्तानचं हस्तांदोलन बंद झालं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मलेशियातल्या सुलतान ऑफ जोहोर कपमध्ये दोन्ही देशांची ज्युनियर पोरं समोरासमोर आली. सगळे श्वास रोखून. पोरांनी मॅचआधी सरळ हाय-फाइव्ह दिले! मॅच ३-३. बरोबरी दोन्हीकडे, गोलांतही आणि वागण्यातही.

हरून हरून ब्राँझ

‘हरलो तरी मेडल मिळेल का?’ मिळतं की! १९३२, लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. हॉकीत टीम किती? तीन. अमेरिका भारताकडून २४-१ नं हरली, जपानकडून ९-२ नं हरली आणि ब्राँझ घेऊन घरी गेली. तो एक गोल कसा खाल्ला? किस्सा असा सांगतात की भारताचा गोलकीपर रिचर्ड अॅलन तेव्हा गोलपोस्टमागे ऑटोग्राफ देत होता. फॅनलोकांनी मॅचवर परिणाम केल्याचा यापेक्षा गोड नमुना शोधून सापडायचा नाही.

चेन्नई अशी का?

टोमणे सगळीकडे असतात. मग चेन्नईचंच एवढं कौतुक का? उत्तर हॉकीत नाही, तिथून तीनेक किलोमीटरवरच्या चेपॉक क्रिकेट स्टेडियममध्ये आहे. ३१ जानेवारी १९९९. सचिन तेंडुलकर पाठदुखी सोसत १३६ वर खेळून आउट झाला आणि भारत पाकिस्तानकडून फक्त १२ धावांनी टेस्ट हरला. अख्ख्या स्टेडियमच्या घशात आवंढा. पण थोड्या वेळानं लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, जिंकलेल्या पाकिस्तानसाठी! त्या टाळ्या इतका वेळ चालल्या की पाहुण्यांनी मैदानाला फेरी मारून त्यांचा स्वीकार केला. घाव ताजा असताना असं करायला छप्पन्न इंची नाही, दर्दी छाती लागते.

तोच प्रेक्षक पुढे एग्मोरला हॉकी बघायला जातो. मॅच चालू असताना समोरच्याची यथेच्छ टोपी उडवतो, आपल्या टीमचा गोल हुकला की आपल्यांनाही सोडत नाही. पण हूटर वाजला की हिशोब बंद.

तेव्हा मंडळी, पुढच्या फायनलला एग्मोरला जाल तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ‘रेफरी’ म्हणू नका. दोन, ४५व्या मिनिटाला कॉफी आणायला उठू नका. आणि तीन, चेन्नईच्या क्रिकेटवाल्यांचा ‘व्हिसल पोडू’ (‘शिट्टी वाजवा’) हा नारा कितीही फेमस असला तरी हॉकीत शिट्टी फक्त अंपायरचीच चालते. आपल्याकडे दोन हात आहेत. समोरच्या टीमसाठीही वाजवा!