गुणसूत्रातला बिघाड मुलांकडे जातो का?

घरात कुणाला रक्ताचा कर्करोग झाला आणि तपासणीच्या अहवालात ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे शब्द दिसले, की पहिली धास्ती मुलाबाळांची वाटते. दोष गुणसूत्रातच आहे, तेव्हा तो पुढच्या पिढीत उतरणार, असं लोक धरून चालतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या आजारात तसं होत नाही. हा बिघाड रुग्ण जन्माला येताना नसतोच. पुढे कधीतरी अस्थिमज्जेतल्या एका मूळपेशीत तो घडतो आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या रक्तपेशींतच राहतो. स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत तो नसल्यामुळे मुलांकडे जात नाही. वारशाने येणारे दोष काही कर्करोगांत असतात हे खरं, पण त्यांचा वाटा साधारण ५ ते १० टक्केच आहे.

हा बिघाड नेमका काय आहे, हे दाखवलं शिकागो विद्यापीठाच्या जॅनेट राउली यांनी. मोठा शोध लावणारा माणूस तरुणपणापासून अहोरात्र प्रयोगशाळेत असतो, हा समजही त्यांच्या आयुष्याशी जुळत नाही. १९२५ साली जन्मलेल्या राउलींना वैद्यकीय शिक्षणासाठी नऊ महिने थांबावं लागलं, कारण ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी तीनच जागा होत्या आणि त्या भरल्या होत्या. १९४८ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांनी लग्न केलं. चार मुलगे वाढवताना कित्येक वर्षं त्या आठवड्यातले मोजकेच दिवस काम करत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात त्या काम करत होत्या, त्याच काळात, १९५९ मध्ये, या मुलांत एक गुणसूत्र जास्त असतं हे फ्रान्समध्ये सिद्ध झालं. गुणसूत्रांची ओढ त्यांना तिथून लागली.

फिलाडेल्फिया गुणसूत्र त्यांनी शोधलेलं नाही. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांत एक गुणसूत्र आखूड झालेलं दिसलं होतं. त्याचा तुकडा गळून गेला असावा, असं तेव्हा मानलं गेलं. शिवाय गुणसूत्रांची मोडतोड हा कर्करोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत होतं.

राउलींनी ऑक्सफर्डमध्ये गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी नवी रंगवण्याची पद्धत शिकून घेतली. पट्ट्यांमुळे प्रत्येक गुणसूत्राची ओळख पटू लागली. शिकागोत परतल्यावर त्या सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो घरी आणत, एकेक गुणसूत्र कात्रीने कापत आणि जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, असं मुलं चिडवत. १९७२ मध्ये त्यांना तीव्र ल्युकेमियाच्या एका प्रकारात ८ आणि २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल दिसली. मग त्या सीएमएलकडे वळल्या, आणि त्या आखूड, म्हणजे २२व्या, गुणसूत्राचा ‘हरवलेला’ तुकडा त्यांना ९व्या गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेला सापडला. एका रुग्णात दिसली असती, तर ती गोष्ट योगायोगाने घडली असं म्हणता आलं असतं. रुग्णामागून रुग्ण तपासले तरी तीच दोन गुणसूत्रं आणि तीच अदलाबदल! १९७३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने हा निष्कर्ष छापला. कर्करोगाचं मूळ गुणसूत्रांत शोधण्याचा रस्ता खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला, असं माझं ठाम मत आहे.

शोध लागला की औषध लगेच येतं, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात, हे कळायला १९८०चं दशक उजाडलं. त्या जोडजनुकापासून बनणारं प्रथिन पेशीला ‘वाढत राहा’ असा इशारा सतत देत राहतं. हेच प्रथिन अडवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजूर झाली. तिच्या सुरुवातीच्या चाचणीत पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांची रक्तातल्या पेशींची संख्या पूर्ववत झाली. आखूड गुणसूत्र दिसल्यापासून गोळी हातात येईपर्यंत ४१ वर्षं गेली होती.

भारतात ही गोळी परवडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने ही गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राउलींचं निधन झालं.

अशीच एक गोळी सगळ्या कर्करोगांना का नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सीएमएलमध्ये मुख्य बिघाड एकच असतो, तर फुप्फुस किंवा आतड्याच्या गाठीत अनेक बिघाड एकत्र जमलेले असतात. आणि इमॅटिनिबने रोग ताब्यात येतो, म्हणजे तो मुळापासून गेला असं नव्हे. काही निवडक रुग्णांत, बीसीआर-एबीएलचं प्रमाण दीर्घकाळ अत्यल्प राहिल्यावर, डॉक्टर देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. बरं वाटतंय म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. मूल हवं असेल तर आजार मुलाला जाईल ही भीती नको, पण गर्भावर गोळीचा दुष्परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला.